रुंद वायसर

प्रेमिला रेवतकर सकाळी कामाला दोनदा निघते. पहिल्यांदा स्कूटर काढून बेसा चौकापर्यंत जाते, तिथून परत फिरते, स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण दाबून बघते, आणि मग खरी निघते. बटण बंदच असतं. मुलगी गुंजन अंथरुणातूनच ओरडते, "बंद आहे आई, जा तू!" तरी प्रेमिला बघतेच. कानावर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नाही, आणि डोळ्यांवरही तो एका खेपेत बसत नाही.

हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये ती ड्रॉइंग काढते, तिथे तिला मागून 'शंकाताई' म्हणतात. आपल्या नागपूरकडचं 'मागून' म्हणजे चार हातांवरून, चांगलं ऐकू येईल असं. ती हसून सोडून देते. पण रात्री झोपायला डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली आहे, आणि ती का लागते हे तिने घरातही धड सांगितलेलं नाही. सांगणार काय? 'काहीतरी हुकतंय, पण काय ते सापडत नाही,' असं म्हटल्यावर लोक आधी गॅसकडे बघतात आणि मग आपल्याकडे.

ती मूळची नरखेड तालुक्यातली. बाप संत्र्याच्या बागेत आणि ही पोरगी आयटीआयच्या ड्रॉइंग बोर्डापुढे, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती या शेडमध्ये लागली. संत्री निवडायची यंत्रं इथे बनतात: ओळीने फिरणारे रोलर, त्यांवरून घरंगळत जाणारी फळं. पहिल्याच दिवशी फिटर देवराव उमाठे यांनी तिच्यापुढे तेलकट कागद टाकला. त्यावर लांबी मिलीमीटरमध्ये होती, आणि दोन रोलरांमधली फट होती सुतात.

"काका, सूत म्हणजे किती?"

"तीन मिली धर वं पोरी. एवढं काय त्यात!"

तिने धरलं. गुरूच्या तोंडचं पहिलं वाक्य माणूस गाठीला बांधून ठेवतो, तसं.

देवरावांच्या हातचं यंत्र लांबूनही ओळखू येतं. सांगाडा ते सुताच्या पट्टीने मोजून जोडतात, आणि त्यावर प्लेट बसवताना बोल्टाखाली हमखास रुंद वायसर टाकतात, रुपयाच्या नाण्याहून मोठी लोखंडी चकती. कोणी विचारलं तर म्हणतात, "दिसाले बरं दिसते." आता येत्या शनिवारी ते कामावरून मोकळे होणार होते. प्रेमिलाच्या हातून शाल, मग श्रीफळ आणि आलूबोंडे असा बेत ठरला होता.

हा बुधवार त्याच आठवड्यातला.

काम नरखेडकडच्याच एका मोठ्या पॅकिंग शेडचं होतं. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल यायला लागला होता आणि त्यांच्या जुन्या यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटी झिजल्या होत्या. जुना सांगाडा तसाच ठेवायचा, फक्त प्लेटी नव्या बसवायच्या. आजवर इथे दहा-बारा रोलरांची यंत्रं झाली, हे तीस रोलरांचं. देवराव स्वतः जाऊन माप घेऊन आले होते. चार वाजेपर्यंत प्रेमिलाने फाइल लेझर कटिंगवाल्याला पाठवायची, आणि कापलेल्या प्लेटी तिथूनच टेम्पोत घालून थेट नरखेडला रवाना व्हायच्या.

सकाळी मालकांनी, म्हणजे विहंग साहेबांनी, तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "प्रेमिलाताई, आधी दोनदा तुम्ही काम अडवलं. दोन्ही वेळेस प्लेटी बरोबर बसल्या. ह्या वेळेस शंका काढून उशीर केला, तर सोमवारपासून तुम्ही स्टोअर सांभाळा. ड्रॉइंगला मी दुसरा माणूस बघतो."

विहंग वाईट माणूस नव्हता. पण उतावळ्या माणसाला सावध माणूस मुद्दाम अडवतोय असंच वाटतं. प्रेमिला 'हो सर' म्हणून खुर्चीवर येऊन बसली. त्या खुर्चीत एकोणीस वर्षं गेली होती. आणि आता स्टोअरमध्ये बारा पाने आणि नटांचे दोन डबे मोजत उरलेली नोकरी काढायची?

कंप्युटरवर ड्रॉइंग काढणं म्हणजे नुसत्या रेघा ओढणं नव्हे. रेघांना बंधनं घालावी लागतात. ऑफिसात त्यांना कन्स्ट्रेंट म्हणतात. ही रेघ त्या रेघेला समांतर, हे भोक त्या भोकापासून इतकं दूर. बंधनं कमी पडली तर रेघा मोकाट सुटतात. एकमेकांशी भांडणारी दोन बंधनं घातली, तर सगळं चित्र लाल होतं.

दुपारी दोन वाजता प्रेमिलाचं चित्र लालभडक झालं होतं.

आधी वाटलं, कडेचा ऑफसेट बिघडला. ऑफसेट म्हणजे आहे त्या रेघेपासून ठरावीक अंतरावर तशीच दुसरी रेघ. प्लेटीच्या कडेपासून आठ मिली आत रबराच्या पट्टीची खाच हवी होती, आणि कोपऱ्याची गोलाई होती पाच मिली त्रिज्येची. पाचातून आठ कसे वजा होणार? कोपऱ्यात रेघा एकमेकींना छेदून बसल्या होत्या. तिने गोलाई बारा केली, खाच गुमान वळली. पण लाल काही जाईना.

भांडण दुसरीकडे होतं. रोलर साठ मिलीचा, फट दोन सूत म्हणजे सहा मिली. एका रोलरच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत सहासष्ट. अशी एकोणतीस अंतरं. आणि देवरावांनी टेपने मोजलेलं रोलरच्या पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंतचं अंतर एक हजार नऊशे चोवीस. दोन्ही मापं एका जागी नांदायला तयार नव्हती.

यावर उपाय तिला पाठ होता. विहंगनेच सांगितलेला: लाल झालं की एक माप काढून टाका. तिने एकूण लांबी काढून टाकली. चित्र क्षणात हिरवं झालं. कडेच्या रेघा भोकांच्या ओळीपासून ऑफसेट केलेल्या होत्या. त्या निमूट आत सरकल्या, टोकांची बोल्टाची भोकंही त्यांच्याबरोबर सरकली. प्लेट तयार. आता फक्त पाठवायची.

तिचा हात माउसवर आणि मन जागेवर नाही. शंकेची पाल अशी चुकचुकायला लागली की तिला बसवेना. ती उठली, पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं, परत उघडून परत लावलं. पाठवलेलं हिरवं चित्र कितीदा तरी बरोबर निघालं होतं. ते दोनदा काम अडवलं तेव्हासुद्धा खाली प्लेटी बसल्याच होत्या, देवराव स्वतः म्हणाले होते, "सगळं बसलं साहेब, बाई उगाच भिते." मग आताच जीव का टांगणीला लागावा?

पावणेतीनला विहंग मागे येऊन उभा राहिला.

"हिरवं आहे ना ताई?"

"आहे सर."

"मग कशाची वाट बघून राहिल्या?"

"एकदा तपासते."

त्याने घड्याळाकडे बघितलं आणि तो निघून गेला. 

प्रेमिलाने एकूण लांबी परत घातली. चित्र परत लाल. या वेळी तिने उलटं केलं: लांबी ठेवली आणि फटीचं माप मोकळं सोडलं. कंप्युटरलाच विचारलं, की तूच सांग, ही फट किती असायला पाहिजे. त्याने कंसात आकडा दाखवला. सहा पूर्णांक चौतीस.

ती आकड्याकडे बघत राहिली. सहा नाही. सहा पूर्णांक चौतीस. पाव इंच म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस. पाव इंच म्हणजे दोन सूत. सूत हा इंचाचा आठवा भाग, हे कोणाही सुताराला ठाऊक असतं, तिलाही ठाऊक होतं, पण पहिल्या दिवसापासून हात 'तीन' टाकत आला होता. खरं सूत तीनाहून किंचित मोठं. एका फटीत तो किंचितपणा दिसतही नाही. एकोणतीस फटींत एक सेंटिमीटर.

देवरावांची दोन्ही मापं खरी होती. खोटं होतं ते तिचं तीन. लाल चित्र भांडत नव्हतंच, बिचारं खरं सांगत होतं, आणि एकोणीस वर्षं ती त्याचं तोंड दाबत आली होती.

तिने सूत दुरुस्त केलं, टेपवर न दिसणारा केसभर फरक लांबीत धरला, आणि एकही माप न काढता चित्र हिरवं झालं. इथे दुसऱ्या कोणी सुटकेचा श्वास टाकला असता. प्रेमिलाच्या अंगावर काटा आला. कारण मग पुढचा प्रश्न उभा होता: आतापर्यंतच्या प्लेटी बसल्या कशा?

ती जिना उतरून खाली गेली. रवानगीसाठी बारा रोलरांचं एक यंत्र उभं होतं, तिनेच काढलेलं. तिने पाना घेतला, टोकाचा बोल्ट सैल केला आणि रुंद वायसर उचलला. खालचं भोक गोल नव्हतं. एका बाजूने चार मिली कानस मारून लांबवलेलं, कडा अजून चमकत होत्या. दुसरा वायसर उचलला. तिथेही तेच.

मागे देवराव येऊन उभे होते. हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"काका, हे कधीपासून?"

"पयल्या सालापासून."

"अन् मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू वं? तीन धर म्हनून म्याच शिकवलं. नवीन होती तू, साहेबानं घरी पाठवलं असतं. मंग दोन साल गेले, चार गेले. मंग सांगाची लाजच वाटली. कानस मारली की बसून जाये."

"दोनदा म्या काम अडवलं तवा तुम्ही बाजूले उभे होते. म्हणाले, बाई उगाच भिते."

देवरावांनी तिच्या हातातला वायसर घेऊन परत भोकावर ठेवला.

"मले वाटलं माहं डोकं फिरून राहिलं, काका! गोळ्या खाऊन राहिली मी. घरचा गॅस दहादा पाहून राहिली. अन् माही शंका खरी होती, हे एका माणसाले ठाऊक होतं. तुम्हाले!"

तिचा आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. वेल्डिंगवाल्याने हात थांबवला. ज्या माणसाने आपली नोकरी वाचवली त्याच्यावर इतका राग येऊ शकतो, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आणि रागाच्या पोटात माया होती, म्हणून तो राग जास्तच भाजत होता.

"शनिवारी जाऊन राहिलो मी," देवराव खाली बघत म्हणाले. "तेवढं..."

"मी कोनाले काही सांगत नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही पाहा."

ती वर आली. सगळी मापं पुन्हा एकदा ताडून फाइल पाठवली तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. लेझरवाल्याचा फोन विहंगला आधीच येऊन गेला होता. त्याने तिला बोलावलं.

"निघालं का काही?"

प्रेमिलाने तोंड उघडलं. 'एक सेंटिमीटर हुकत होतं' एवढं सांगायचं म्हटलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आधीचं कसं बसलं? त्या प्रश्नाच्या टोकाला शनिवारची शाल होती. तिने तोंड मिटलं.

"बघा," विहंग म्हणाला. "मला तुमच्याबद्दल आदर आहे ताई, पण हा आजार आहे. सोमवारपासून स्टोअर."

ती 'हो सर' म्हणाली. हातातला पाना खाली ठेवायचं राहून गेलं होतं, तो तिने मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. देवराव एवढ्या वर्षांत केबिनमध्ये आलेले नव्हते. तेलाचे पाय म्हणून ते खालूनच हाक मारत. आज त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि टेबलावर मूठ उघडली. आठ रुंद वायसर काचेवर खणखणत पसरले.

"साहेब, स्टोअरमंदी बसवाचं असंन तं मले बसवा, दोन दिवस आहोच मी," ते म्हणाले. "बाईची शंका खरी होती. दोन्ही खेपेले खरी होती. आजही. म्या भोकं लांबवून झाकत होतो."

विहंगने एक वायसर उचलला, उलटासुलटा करून पाहिला. त्याला समजायला वेळ लागला; समजल्यावर त्याने तो परत काचेवर ठेवला.

"किती यंत्रं?"

"सतरा. चार आपन बदलून घेतले, तेरा चालू हाय. लांबवलेलं भोक हादऱ्यानं सरकते साहेब, पाहून घ्या लागन." मग ते प्रेमिलाकडे वळले. "लिही वं. मले सारे पाठ हाय."

प्रेमिलाने कागद ओढला. देवराव एकेक सांगत गेले: गाव, साल, किती रोलर, कोणत्या बाजूचं भोक किती लांबवलं. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत. तिच्या एकेका चुकीचा हिशेब हा माणूस इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरत होता; त्यालाही झोप लागत होती की नाही, देव जाणे. लिहिता लिहिता तिला कागद दिसेनासा झाला. तिने डोळे पुसले आणि पुढचं गाव विचारलं.

विहंग हळू आवाजात म्हणाला, "ताई, सोमवारी ड्रॉइंगलाच बसा. ह्या तेरांच्या प्लेटी आधी नव्याने काढू."

जिना उतरताना देवरावांनी मागे न बघता विचारलं, "आता तं झोप लागन ना वं तुले?"

"झोप तुम्हीच उडवली, अन् तुम्हीच विचारता," ती म्हणाली. मग दोन पायऱ्यांनी थांबून म्हणाली, "शनिवारी मी येईन, काका. पण तुमच्या खांद्यावर शाल मी नाही घालणार. साहेबाले घालू द्या."

देवरावांनी मान हलवली. खाली त्यांच्या चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि तोच गार चहा उभ्याउभ्या पिऊन टाकला.