पानाखालची तारीख

आमच्या शवागाराच्या कचेरीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी आहे. खिडकी रुग्णालयाच्या धुलाईखान्याकडे उघडते, म्हणून दिवसभर साबणाचा वास येतो. येतो हे आमचं नशीबच. खिडकीजवळच्या टेबलाशी अक्का सव्वीस वर्षं बसल्या, आणि त्यातली वीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी मी.

अक्कांकडे बेवारस प्रेतांच्या नोंदीचं काम होतं. नियमाप्रमाणे आठ ओळी पुरतात: अंदाजे वय, उंची, बांधा, खुणा, कपडे, खिशातल्या वस्तू, कुठे सापडला, दफनभूमीत कितव्या जागेत पुरला. अक्का मात्र पानभर लिहायच्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कपड्यांपुढे ‘साधे’ एवढंच लिहून ठेवलं होतं, आणि मुलाला शोधत आलेल्या एका बाईने विचारलं होतं, साधे म्हणजे कसे? तेव्हापासून बुटाची टाच कुठल्या बाजूने झिजलीय, तिसरं बटण कुठल्या रंगाच्या दोऱ्याने लावलंय, सगळं पानावर यायचं. शवागारातले मदतनीस वैतागायचे. एकाने तर तोंडावर विचारलं होतं, अक्का, याच्यासाठी स्थळ बघताय का? अक्का हसल्या, आणि त्याच्याकडूनच प्रेताचा दुसरा मोजा काढून घेतला.

घरी नवरा होता. उभा जन्म लेथ मशीनवर काढल्यामुळे त्यांचे कान गेलेले. जेवताना ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, “आज किती पाहुणे?” अक्का बोटं दाखवायच्या. घरात कचेरीचा विषय तेवढाच. लेक लग्न होऊन लांब गेली होती. तिला रोज दुपारी फोन, आणि रोज एकच चौकशी, नातीला आज काय घातलंयस? लेकीला वाटायचं, आजीचं कौतुक आहे. मी समोर बसलेली असायचे, मला खरं कारण ठाऊक होतं.

आता माझ्या हुशारीबद्दल सांगते. आमच्या कचेरीत कंप्युटर त्यातल्या त्यात मलाच कळायचा. त्यामुळे अक्का मला ‘आमची हुशार’ म्हणायच्या, कधी प्रेमाने, कधी टोमण्याने. नोंदीसाठी मी त्यांना एक साचा करून दिला होता. रकाने आयते, सहीची जागा आयती, आणि अगदी खाली तारीख आपोआप पडायची. अक्कांचं तेवढंच टायपिंग वाचलं म्हणून मी बरेच दिवस मिरवत होते. त्या तारखेची मेख मला माहीत नव्हती. पान ज्या दिवशी उघडावं, त्या दिवसाची तारीख ती दाखवायची. नोंद केली त्याच दिवशी पान छापलं जायचं, तेव्हा कागदावर खरी तारीख यायची. कपाटात कागद होते तोवर आमचं काही बिघडलं नाही. पण दहा वर्षांवरचे कागद रद्दीत घालायचे हा नियम, पोलिसांकडे आणि दफनभूमीतही तोच. जुन्यांचं जे काही उरलं होतं ते कंप्युटरमध्ये.

मग रुग्णालयातल्या सगळ्या कंप्युटरांची सिस्टिम बदलायचं ठरलं. आमचा लिहिण्याचा जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालणार नव्हता. फायली दिसतील, पण उघडणार नाहीत, असं कंप्युटर विभागाने कळवलं. अक्का त्या विभागाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, मेलेल्या माणसांच्या मेलेल्या फायली, त्यांच्यासाठी कोण वेळ घालवणार? अक्कांनी वाद घातला नाही. चार महिने जुनं यंत्र आमच्याकडे राहू द्या, एवढं लेखी मागून घेतलं.

चार महिने दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी होती. फाईलला नाव म्हणून दफनभूमीतल्या जागेचा नंबर दिलेला असायचा. दफनभूमीत जिथे रिकामी जागा दिसेल तिथली दिली जायची, त्यामुळे नंबरांवरून आधीचा कोण, नंतरचा कोण, हे कळत नसे. अक्का एकेक पान जुन्या यंत्रातून उचलायच्या आणि नव्यात माझ्याच साच्यात ठेवायच्या. मग मी जुनं वाचायचे आणि त्या नव्यावर पट्टी धरून ओळ न् ओळ ताडून बघायच्या. अकराशे चाळीस पानं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एका हातात पोळी, दुसऱ्यात पट्टी. एक स्वल्पविराम गळू दिला नाही. तारखेवर नजर टाकायचो तेव्हा दोन्ही पडद्यांवर ती सारखीच असायची. आजची. जी तारीख सकाळपासून आपणच पन्नास कागदांवर घातलेली असते, ती डोळ्यांना खुपत नाही.

काम संपलं. जुनं यंत्र न्यायला माणसं आली आणि नियमाप्रमाणे ते कोरं करून टाकलं. त्या दिवशी अक्कांनी मला चहा पाजला.

पाचव्या महिन्यात एक बाई आली. धाकट्या भावाला शोधत होती. तो तरुणपणीच भांडून घर सोडून गेलेला, त्यामुळे त्याचे कपडे कसे असतील हे तिला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी त्याचा फोन आला होता, आणि त्यानंतर काहीच नाही. आईचे आता थोडेच दिवस राहिले होते. कुठे पुरलाय तेवढं तिला कळायला हवं होतं.

वय, उंची, पुढचा तुटका दात यांवरून अक्कांनी दोन पानं काढली. दोनशे बारा आणि तीनशे चाळीस. ऑपरेशनच्या आधी सापडलेला तिचा भाऊ असूच शकत नव्हता, म्हणजे तारीख बघितली की निकाल. अक्कांनी पडदा तिच्याकडे वळवला.

तिने शेवटपर्यंत वाचलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही तर आजची तारीख आहे,” ती म्हणाली. “म्हणजे कालपर्यंत तो होता?”

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मला विसरता येत नाही. अक्कांनी दुसरं पान उघडलं, मग तिसरं, मग दहावं. सगळे आज सापडलेले. मूळ फायली कुठल्या दिवशी केल्या याची खूण जुन्या यंत्रातच होती, आणि ते कोरं झालं होतं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, पण खापर माझ्यावर फोडलं नाही. तारीख हरवली, आमच्या हातून हरवली, आणि या दोघांतला तुमचा कोणता, की दोघांतला एकही नाही, हे मला सांगता येणार नाही, असं त्यांनी त्या बाईला स्वच्छ सांगितलं.

ती दुसऱ्या दिवशी परत आली. आईने सकाळपासून अन्न घेतलं नव्हतं. नुसतं विचारत होती, सापडला का?

“मला एक द्या,” ती अक्कांना म्हणाली. “कुठलाही एक द्या.”

अक्का बराच वेळ दोन्ही पानं वाचत बसल्या. मग त्यांनी तीनशे चाळीस छापलं. त्या माणसाच्या अंगात तपकिरी स्वेटर होता, आणि डाव्या कोपरावर हिरव्या लोकरीने नीट रफू केलेलं होतं. कोणीतरी त्याची काळजी घेत होतं, हे ऐकून आईला बरं वाटेल, असं त्या म्हणाल्या. खालची तारीख त्यांनी खोडली आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यातली एक तारीख हाताने घातली. फाईलमध्ये लिहिलं, नातेवाइकांनी ओळखलं. सव्वीस वर्षांतली त्यांची ही पहिली खोटी नोंद.

आईने ते पान तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. तीनशे चाळीसवर भावाच्या नावाचा दगड बसला. बाई आभार मानायला आली, तेव्हा अक्का कपाटात काहीतरी शोधत राहिल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. किल्ल्या माझ्या हातात देताना विचारलं, “तीनशे चाळीसची खरी आई आली तर?”

पंधरा वर्षांनी कोण येतंय, असं मी म्हटलं. मला ते म्हणायला नको होतं.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी, बरोबर कोणी नाही. किती दवाखाने पालथे घातले, याची मोजदाद तिने सोडून दिली होती. मुलाच्या अंगात काय होतं, असं मी अक्कांच्याच सवयीने विचारलं. तिला आठवावं लागलं नाही. तपकिरी स्वेटर. कोपराला भोक पडलं होतं, घरातली तपकिरी लोकर संपली होती, म्हणून तिने हिरवी वापरली. मुलगा त्यावरून कुरकुरला होता. मग तिने पिशवीतून त्याच हिरव्या लोकरीचा गुंडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाहेर येऊन अक्कांना फोन लावला. मागून त्यांच्या नवऱ्याचा मोठा आवाज येत होता, कोण आहे म्हणून. मी सगळं सांगितलं. अक्कांनी एकच विचारलं.

“कोपर कुठलं?”

मी आत गेले, म्हातारीला विचारलं आणि परत बाहेर आले.

“डावं,” मी म्हटलं.



“तिला बसवून ठेव,” अक्का म्हणाल्या. “तू काही सांगू नकोस. मी येते.”