जावयाच्या आजोबांचा देश

जावयाला ग्रीसचं नागरिकत्व मिळालं ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

जावयाचे आजोबा तरुणपणी ग्रीसमधल्या कुठल्याशा डोंगरी खेड्यातून शिकागोला आले. आधी दुसऱ्याच्या हॉटेलात बशा विसळल्या, मग स्वतःचं हॉटेल काढलं आणि गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी आडनाव कापून अर्धं केलं. आजोबा ग्रीक असले की नातवालाही ग्रीसचं नागरिकत्व मागता येतं, असा तिथला कायदा. जावयाच्या मनात ते कधीपासून होतं. पण तो मुलखाचा वेंधळा. आजोबा, वडील आणि स्वतः अशा तीन पिढ्यांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले जोडायचे होते, आणि त्याच्याकडे जे काही होतं ते बुटांच्या खोक्यात कोंबलेलं होतं.

ते खोकं एका रविवारी ह्यांच्या दृष्टीस पडलं. आमच्या पिढीतल्या, इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसापुढे अर्धवट भरलेला सरकारी अर्ज कधी ठेवू नये. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, शिवाय आईवडिलांचे व्हिजिटर व्हिसा, एवढ्यातून तावून सुलाखून निघालेला माणूस तो. अर्ज दिसला की त्याचे हात शिवशिवतात. त्यातून हे रिटायर्ड इंजिनिअर. नातीजवळ राहता यावं म्हणून आम्ही सांता क्लारातलं घर विकून शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बर्फात येऊन पडलेलो. बर्फ उपसून झालं की ह्यांना दुसरं काम नव्हतं. खोकं आमच्या घरी आलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. त्या खेड्याच्या नगरपालिकेतल्या बाईंशी ह्यांची पत्रापत्री सुरू झाली. बाई सारख्या सुट्टीवर असायच्या आणि हे घरात बसून त्यांच्या नावाने खडे फोडायचे. अर्ध्या आडनावाचा आणि पूर्ण आडनावाचा माणूस एकच, हे सिद्ध करण्यासाठी शिकागोतलं एक जुनं चर्च ह्यांनी शोधून काढलं आणि तिथल्या पाद्रीबुवांबरोबर दोनदा कॉफी प्यायले. स्वतःच्या आजोबांचं गाव विचारा, ह्यांना तालुकासुद्धा सांगता येणार नाही. जावयाच्या आजोबांची मात्र चुलत भावंडंसुद्धा तोंडपाठ. मी चिडवायची, पण आतून मलाही बरं वाटत होतं. माणूस कामाला लागला होता.

मिळालेल्या नागरिकत्वाचं लेक-जावई करणार काय, हे मात्र आम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही. खरंच नाही विचारलं. कागद मिळतोय तर मिळवून ठेवावा, घरात असलेला बरा, एवढंच आम्हाला ठाऊक.

मंजुरी आली त्या रविवारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ह्यांनी कागद देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. श्रीखंड होतं, मी गरम पुऱ्या तळून वाढत होते. लेक बशी घ्यायला आत आली आणि कढईकडे बघत म्हणाली, "आई, आम्ही ऑगस्टमध्ये मूव्ह करतोय."

मला वाटलं, नातीच्या शाळेसाठी घर बदलतायत. म्हटलं, "लांब नाही ना?"

"अथेन्सला."

कढईतली पुरी फुगली, लाल झाली, मग काळी झाली. मी झारा धरून नुसती बघत होते. शेवटी लेकीनेच गॅस बंद केला.

बाहेर ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "पण मी ते तुम्हाला मिळावं म्हणून मिळवलं," हे म्हणाले, "जाण्यासाठी नाही."

"मग कशासाठी, बाबा?" लेकीने विचारलं. उपरोधाने नव्हे, खरंच विचारलं. जावई मान खाली घालून श्रीखंड चिवडत बसला. नात म्हणाली, "आजी, इट्स नॉट दॅट फार." मी तिला आणखी एक पुरी वाढली. दुसरं काय करणार होते?

पुढचे कितीतरी दिवस मी धुमसत होते. राग कुणाचा करावा ते कळेना, म्हणून जावयाच्या आजोबांचा केला. बिचारा मरून गेलेला माणूस, ज्याने एवढी धडपड करून तो देश सोडला. ह्यांच्याशी मी बोलणं जवळपास टाकलं होतं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, तोही इतक्या नेटकेपणाने, दुसऱ्या कुणाला पाडून घेता आला नसता.

मग एका दुपारी लेक एकटी आली. आल्याआल्या आम्हा दोघांना म्हणाली, "तुम्ही दोघं पण चला. मी लॉयरशी बोललेय, पॉसिबल आहे."

माझा जीव असा भांड्यात पडला, की मी तिला जवळच ओढलं.

"फक्त एक आहे," ती माझ्या खांद्याशी म्हणाली. "तुम्ही माझ्यावर डिपेंडंट आहात असं दाखवावं लागेल. तुमचं सगळं मी बघते, असं."

टेबलाशी बसलेले हे उठले आणि मागच्या अंगणात निघून गेले. मी ओट्याला टेकून उभी राहिले. लग्न होऊन या देशात आले ती मी ह्यांच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. दातांची डॉक्टर होते, पण काम करायची परवानगी नव्हती. कुठे नाव सांगायला गेलं की खिडकीमागचा माणूस तोच शब्द उच्चारायचा. तो पुसून टाकायला मी मूल पदरात घेऊन पुन्हा परीक्षा दिल्या, इथलं शिक्षण पहिल्यापासून केलं, दवाखाना थाटला. त्यानंतर कुणाकडे काही मागितलं नाही, लेकीकडे तर नाहीच. तिने आणलेली भाजीसुद्धा मी परतफेड केल्याशिवाय ठेवून घेत नाही.

आणि आता तीच मला तो शब्द परत लावून घ्यायला सांगत होती. माझे कान तापले.

लेकीने ते ओळखलं. तिचे डोळे भरून आले होते. "आई, सॉरी. फक्त पेपरवर गं. खोटं खोटं."

"खोटं कशाला?" मी म्हटलं. "खरंच आहे ते."

माझा आवाज मला ऐकू आला आणि मीच दचकले. असं काही मी तिला जन्मात म्हटलं नव्हतं. लेक रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.