होडी वर ओढलेली असताना

सत्तर सालाच्या आसपास मी सरकारच्या रोजगार पाहणीसाठी घरोघर फिरायचे. प्रश्न सोपा होता: गेल्या आठवड्यात किती तास काम केलंत? मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेले तेव्हा पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. एक म्हातारे कोळी फाटलेलं जाळं सांधत बसले होते. म्हणाले, "काम नाय. सध्या रिकामाच हाय."

"मग हातात काय आहे?" मी चिडलेच.

"होडी पाण्यात नाय, तर काम कसलं? पोरी, हे टोक धर जरा."

धरलं. गाठ कशी मारतात ते बघत, ताणून धरत, दुपार सरली.

संध्याकाळी कचेरीत आमच्या साहेबांनी विचारलं, "आज किती तास काम केलंस?"

मी तास सांगितले. जाळ्यापाशी गेलेली अख्खी दुपार त्यात मोजलीच नाही.