मिशिगनमधला मेणाचा नांगर

सकाळी नऊला ॲन आर्बर सोडलं. गाडीत तीन माणसं, फुग्यांचा (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) डबा आणि वसईहून आलेला मेणाचा नांगर. गाडी चालवणारा नेल्सन इथल्या विद्यापीठात सुरुवातीच्या चर्चच्या इतिहासावर पीएचडी करतो. मागे त्याची आई, सगळ्यांची सिसिलिया मावशी; पुढे मी, जुना बातमीदार.

नांगर नवसाचा होता. नेल्सनच्या वडिलांची मासेमारीची होडी एकदा वादळात तीन दिवस बेपत्ता झाली, तेव्हा मावशींनी संत क्लेमेंटना साकडं घातलं: होडी परतली तर तुमच्या चर्चमध्ये मेणाचा नांगर वाहीन. हे पहिल्या शतकातले रोमचे पोप. सम्राटाने त्यांना काळ्या समुद्राकाठी दगडखाणीत धाडलं आणि शेवटी गळ्यात नांगर बांधून बुडवलं, अशी कथा. होडी परतली. या पोपच्या नावाचं चर्च मावशींना सापडलं ते थेट मिशिगनमध्ये.

पेट्रोल पंपावर मावशी कॉफी आणायला गेल्या, तेव्हा नेल्सन बोलला. सोमवारी त्याची तोंडी परीक्षा होती आणि आई ऐकायला बसणार होती. त्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सांगतं की नांगराची कथा कित्येक पिढ्यांनंतर रचलेली आहे. क्लेमेंटचं खात्रीचं असं एक पत्रच उरलं आहे, करिंथच्या ख्रिस्ती मंडळीतलं भांडण मिटवण्यासाठी रोमहून गेलेलं.

"तिला तिथे कळण्याआधी मीच सांगायला हवं, काका. धीर होत नाही."

कॉफीला जागा करायला मी नांगराचं पुडकं पायाशी ठेवलं, बरोबर हीटरच्या झोतात. चर्चच्या दारात उघडलं तर नांगराची एक बाजू लोंबत होती. मी माफी मागितली.

"असू दे. गळासारखा वाकलाय, आता याला मासाच लागेल," मावशी म्हणाल्या.

आत हातात नांगर घेतलेला पुतळा होता. तिथल्या बाकावर नेल्सनने सगळं सांगून टाकलं.

"पत्राने भांडण मिटलं का?" मावशींनी विचारलं.

"ते कुठे लिहिलेलं नाही, आई."

"तुझे बाबा तीन दिवस पाण्यात होते, तेही कुठे लिहिलेलं नाही. चल, ती लोंबती बाजू धर."

त्याने धरली. दोघांनी मिळून नांगर पुतळ्यापाशी ठेवला.

परतीच्या वाटेवर फुगे संपले. नेल्सन आईला तिसरं प्रकरण मराठीत समजावत होता आणि नांगराला दोर कसा बांधतात यावर ती त्याच्या चुका काढत होती. बातमीदारीत मी आयुष्यभर नोंद नसलेलं वगळत आलो. त्या दिवसाची वहीतली नोंद एवढीच आहे: नांगर वाकडा, नवस फेडला.