वळणावरची मिशनची शाळा

माझी लेक चार वर्षांची असताना तिला गोवर आला. गोवर उतरला, पण तिचा कान वाहायला लागला, तो पुढं दोन-तीन महिने वाहतच राहिला. लसणीचं तेल घालून घालून तो एकदाचा थांबला आणि आम्ही ती गोष्ट विसरलो. त्यानंतर पोर हाक मारली तरी वळेना. मला वाटायचं, बाप लढाईवर गेलाय म्हणून हट्टी झालीय.

माझं माहेर वाईजवळचं. मी चार इयत्ता शिकलेली. सासर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दुसरी लढाई चालू होती आणि आमचे हे पलटणीबरोबर दूरदेशी होते. घरात मी, लेक आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. तेही पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले.

सहा वर्षांची झाल्यावर लेकीला गावच्या शाळेत घातली. मारुतीच्या देवळात शाळा भरायची. पन्नास-साठ पोरं आणि एक मास्तर. मुली मागं, खांबापाशी. वर्ष सरलं तरी हिला धड ग म भ न येईना. मास्तर वाईट नव्हते, दमलेले होते. एक दिवस पाणवठ्याच्या वाटेवर भेटले आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पन पोरगी मठ्ठ हाय. घरकाम शिकवा तिला." मला राग आला नाही. घरी येऊन चुलीपुढं रडले, कारण मलाही आतून तसंच वाटायला लागलं होतं.

पुढच्या बाजाराला तिला घेऊन पाटणला निघाले. गावापासून कोसभरावर, वळणावर, मिशनचं छोटं कौलारू चर्च होतं. त्याच्या पडवीत शाळा भरायची. त्या वाटेनं मी किती वेळा गेले असेन, पण कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण पडवीत एक मुलगी रडत होती आणि शिकवणाऱ्या बाई तिच्यासमोर उकिडव्या बसून, तिच्या तोंडाकडं बघत बोलत होत्या. मारत नव्हत्या. सगळी मिळून वीसेक पोरं असतील.

मी बघत राहिले आणि माझी लेक सरळ जाऊन पोरांच्यात बसली!

बाईंनी मागून तिला नाव विचारलं. ही गप्प. पुढं येऊन विचारलं, तर हिनं लगेच सांगितलं. मग तिच्या मागं उभं राहून डाव्या कानाशी टाळी वाजवली. पोर हलली नाही. उजव्या कानाशी वाजवली, तशी दचकून वळली.

"पोर हुशार आहे हो," बाई मला म्हणाल्या. "तिला डाव्या कानानं ऐकूच येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? आई मीच होते. बाजार तसाच राहिला. लेकीला कडेवर घेऊन मी माघारी फिरले. एवढी मोठी पोर कडेवर घेतलेली बघून वाटेतल्या बाया हसत होत्या.

घरी मामंजींना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी हिला तिथंच घालणार."

"बाटवतील तिला," मामंजी म्हणाले. "आन तितं कुनाकुनाची पोरं बसत्यात, ठावं हाय का तुला? गाव काय म्हनंल?"

"गाव तिला मठ्ठ म्हणतंय, मामंजी. त्या बाईंनी एका टाळीत ओळखलं."

ते उठून रानात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून, काठी घेऊन, काही न सांगता बाहेर पडले, ते दिवस कलल्यावर आले. मी पाणी दिलं. बसले, प्याले आणि मग बोलले.

"दिसभर बसलो तितं. बाई कडक हाय, पन हात उगारत न्हाई. सकाळी प्रार्थना झाली. आमच्या पलटणीत बी पाद्री यायचा, अशीच प्रार्थना म्हनायचा. मी काय बाटलो न्हाई." मग म्हणाले, "पन पानी घरचं न्यायचं. येवढं ऐक माझं."

मी ऐकलं. रोज तांब्या भरून देत होते. बाईंना हे सांगताना मला शरम वाटली, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आणू दे." महिनाभरानं तांब्या भरलेलाच परत यायला लागला. लेक सगळ्यांबरोबर शाळेच्या माठातलं पाणी पीत होती. मी काही बोलले नाही. मामंजींनी तांब्या बघितला होता, तेही काही बोलले नाहीत.

बाईंनी तिला पुढं, चांगला कान आपल्याकडं येईल अशी बसवलं. शाळेची बात मी यांना पत्रानं कळवली होती. उत्तर यायला पाच महिने लागले. तोवर पोर जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. मामंजी म्हणाले, "तीच वाचू दे." ती अंगणात उभी राहून एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "शा-ळे-चे व-डि-लां-ना वि-चा-रून क-रा-वे."

मामंजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "इचारलंय म्हनून लिव्ह त्याला," मला म्हणाले. "आन तूच लिव्ह गं," असं नातीला.

चौथीच्या परीक्षेला तिला पाटणला नेली. बाई आणि मी खिडकीबाहेर उभ्या होतो. परीक्षक अनोळखी होते, त्यांनी तिला मागच्या रांगेत, भिंतीकडं बसवलं. शुद्धलेखन सुरू होणार, एवढ्यात बाई आत जायला निघाल्या. तोच माझी लेक आपण होऊन उभी राहिली.

"गुरुजी, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी पुढं बसते," म्हणाली आणि पाटी घेऊन पुढं जाऊन बसलीसुद्धा.

बाईंनी माझा हात धरला. निकाल लागायला वेळ होता, पण माझी धास्ती तिथंच गेली. ती पास झाली. हे अजून पलटणीतच होते. पुढं पाचवीला कुठं घालायचं हा प्रश्न होताच, पण या खेपेला तो आम्ही तिघांनी, मामंजी, मी आणि तिनं, अंगणात बसून बोलून सोडवला.