ताई आणि इंग्रजीचं अनेकवचन

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा माझी थोरली बहीण विधवा होऊन धाड गावी आमच्या घरी परत आली. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिची पेटी बैलगाडीत ठेवून दिली. आल्यावर काही दिवसांतच ती बाबांना म्हणाली, "मले मॅट्रिक करू द्या. मास्तरीण होईन. कोणावर भार नाई."

तिच्या तोंडाकडे बघून बाबांना नाही म्हणवलं नसावं.

बाकीचे विषय तिचे तिनं केले. इंग्रजीसाठी गल्लीतले एक पेन्शनर गुरुजी ओसरीवर येऊन शिकवायचे. वाक्प्रचारांपाशी गाडी अडली. हस्तांदोलनाला 'शेक हॅंड्स', अनेकवचन. पायी जायचं तर मात्र 'ऑन फुट', एकवचन. ताई हटूनच बसली.

"गुरुजी, माणूस एकच हात पुढं करते, तिथं हॅंड्स. अन् चालाले दोन पाय लागतात, तिथं एकच फुट? काऊन?"

"इंग्रजीले काऊन विचारू नको, बाई. पाठ कर."

पण कारण कळल्याशिवाय तिला काही पाठ होतच नसे. भाकरी थापताना ती पुटपुटायची, मी चुलीपाशी बसून विचारायची, ती चुकायची. 'टेक पेन्स' म्हणजे कष्ट घेणं, तेही अनेकवचनातच, तेवढं मात्र लगेच लक्षात राहिलं. "एका कष्टानं कोणाचं भागलं हाय वं?" म्हणाली आणि हसली. घरी आल्यापासून मी तिला तेव्हाच हसताना पाहिलं.

बुलढाण्याहून इंग्रजीचा पेपर देऊन आली. खोदून विचारल्यावर म्हणाली, "वाक्यं दुरुस्त कराले होती. चुकलेलं कोणतं, तेच समजे ना."

इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा नापास. गुरुजी बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण निसत्या हुशारीनं हे होत नाई." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येणं सोडलं.

मग बाबांनी डोणगावचं स्थळ आणलं. बिजवर, पदरात दोन पोरं. ताई नुसतं "हाव" म्हणाली. वाजंत्रीशिवायच पाट लावला.

पुढच्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. हाताला भेगा पडल्या होत्या. मी उत्साहानं म्हटलं, "ताई, पुन्हा बस ना परीक्षेले. मी पण आता इंग्रजी शिकून राह्यली. आपण दोघी मिळून करू."

तिनं घाबरून घरात पाहिलं. आत सासू खोकत होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "म्या शिकत होती, हे इथं कोणाले मालूम नाई."

मग सूप माझ्याकडे सरकवून ती पोरांना जेवू घालायला उठली.