शेळी कुंपणाच्या आत

पिंपळनेरजवळच्या शाळेत मला तिसरं वर्ष होतं आणि माझ्या कागदकामाचा मला फार तोरा होता. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे, आइस्क्रीमच्या काड्या, मी काही फेकू द्यायची नाही. गोष्ट वाचायची आणि जे समजलं ते हातांनी करून दाखवायचं, ही माझी पद्धत. मुख्याध्यापक चिडवायचे, की मॅडमच्या वर्गात पोरं कमी आणि कचरा जास्त.

दिवाळीआधी तिसरीला मी एक गोष्ट लिहून दिली. भुकेली शेळी बागेपाशी येते. दारावर पाटी असते, ‘आत जाणे मना आहे.’ शेळीला वाचता येतं. मग ती कुठे जाते? पुठ्ठ्याची बाग करायची आणि कागदाची शेळी योग्य जागी चिकटवायची.

सगळ्यांच्या शेळ्या कुंपणाबाहेर होत्या. एकीनेच ती आत, हिरव्या कागदाच्या मधोमध बसवली होती. मी का म्हणून विचारलं, तर ती खाली बघत राहिली. मी लाल पेनने फुली मारली आणि तिचा पुठ्ठाही इतरांसोबत भिंतीवर लावला.

सुटीच्या आदल्या दिवशी तिची आई आली. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गुजरातेत जाणार होते. मुलीला मावशीकडे शाळेसाठी ठेवावं, की धाकट्याला सांभाळायला सोबत न्यावं, एवढंच तिला विचारायचं होतं. शिकते का ती? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, वाचते घडाघडा, पण समजत काही नाही. आईने मान डोलावली आणि गेली.

शाळा उघडल्यावर मी भिंतीवरचे पुठ्ठे काढत होते. खिचडी करणाऱ्या अक्का दारात उभ्या होत्या. या एकावरच फुली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी पाटी वाचून दाखवली. अक्का हसल्या.

“बकरीनी वाचं, मना शे. मंग ती आपला बागमा गई. यामा खोटं काय शे?”

मी दिवसभर पोरांच्या तोंडून ‘मना पेन’, ‘मना डबा’ ऐकते. माझं माहेर जामनेरकडचं, तिथली बोली वेगळी, हे कारण पहिल्या वर्षी चाललं असतं. मना म्हणजे माझा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाटी मी लिहिली होती, म्हणून तिचा अर्थही माझाच. बाकीच्यांना मी विचारत सुटले, तर कळलं, की पहिल्या बाकावरच्या मुलाला मी शाबासकी दिली आणि सगळ्यांनी त्याचं बघून चिकटवलं. वाचून, समजून केलं होतं ते तिने एकटीने. मला स्वतःचीच चीड आली.

मधल्या सुटीत तिच्या घरी गेले. कुलूप होतं. हजेरीपुस्तकातून नंबर काढून फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, बाळ रडत होतं आणि ती मुलगी त्याला गप्प करत होती. तिचा आवाज मी ओळखला. मी आईला सांगितलं, की माझी चूक झाली, तिला सगळं समजतं, वर्गात सगळ्यांत जास्त समजतं.

आई रागावलीसुद्धा नाही.

“हाई तवय सांगनं व्हतं, मॅडम. आते तिले गावले कोन लई यी?”